मदत हवी आहे : मेसची इमारत वापरणाऱ्यांना कितपत सोयीची, हे कसं मांडू?

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सांगलीत विश्रामबागजवळच्या एका कॉलेजच्या मेसचं पोस्ट-ऑक्युपन्सी इव्हॅल्युएशन, म्हणजे इमारत वापरात आल्यावर ती वापरणाऱ्यांना कशी सोयीची पडते याचा अभ्यास, करतेय. विषय इमारतीचा आहे, जेवणाच्या चवीचा नाही.

१ ते ५ गुणांची प्रश्नावली भरून घेतली. जागेबद्दल बहुतेकांनी ३ दिले आणि शेरा लिहिला आमटीवर! मग दुपारच्या गर्दीत नकाशावर रांग कुठे अडते ते टिपलं. त्यातून खरं चित्र दिसलं. ताटं घ्यायची जागा आणि हात धुवायचं बेसिन समोरासमोर, त्यामुळे आत येणारे नि जेवून उठलेले एकमेकांत अडकतात. वर पत्र्याचं छप्पर, आवाज प्रचंड घुमतो. डेसिबल मोबाईल ॲपने घेतलेत, म्हणून फक्त तुलनेपुरतेच धरतेय.

स्वयंपाकघरातल्या मावशीही तीच इमारत वापरतात, तीही दिवसभर. पण ठेकेदारासमोर त्या बोलत नाहीत आणि लेखी फॉर्म त्यांना नको आहे. फोटो, रेकॉर्डिंगला परवानगी नाही. विकतची साधनं परवडणार नाहीत.

अशा वेळी मावशींचं म्हणणं त्यांना अडचणीत न आणता कसं मिळवायचं? आणि प्रश्नावली 'ठीक' म्हणत असताना प्रत्यक्ष निरीक्षण उलट सांगत असेल, तर निष्कर्षात जास्त वजन कशाला द्यायचं?