दुसऱ्यानं हातानं भरलेली काडतुसं: उडवायची, फोडायची का जमा करायची?

भुदरगडकर
चुलत्यांची बाराबोअर होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, डुकरं आणि गव्यांसाठी. ते वारल्यावर बंदूक ठाण्यात जमा केली, विषय संपला असं धरून चाललो होतो. आता गावाकडचं घर आवरताना माळ्यावरच्या पेटीत काडतुसं निघाली आणि ही दुकानातली नाहीत, त्यांचे एक दोस्त उडवलेल्या काडतुसांत परत टोपी (घोडा पडला की दारू पेटवते ती), दारू, छर्रे बसवून द्यायचे, ते पण आता हयात नाहीत. पितळी बुडाला हिरवट थर आलाय, तोंडाची पुठ्ठ्याची चकती मेणानं बंद केलीय, एकावर पेन्सिलीनं ‘एलजी’, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांची खूण, बाकीच्यांवर काहीच नाही. मामांकडं स्वतःची परवान्याची बाराबोअर आहे, ते म्हणतात मला दे, डुकरं हाकलायला होतील. माझं म्हणणं, मामांना द्यायची नाहीत, घरात फोडायची पण नाहीत, सरळ ठाण्यात कळवायचं. घरात या मताचा मी एकटाच आहे म्हणून इथं टाकतोय.

दुनळी
एवढं काय घाबरायलाय भावा? आमच्यात आजोबांपासनं भरलेलीच काडतुसं चालली, विकतची परवडत नव्हती, कुणाची नळी फुटली न्हाई. मामाकडं लायसन हाय न्हवं? एक उडवून बघायचं, नीट वाजलं तर बाकीची पण चालत्यात. चांगला माल कशाला वाया घालवायचा.

ह्यूस्टनचा कोल्हापुरी
“एक उडवून बघायचं” इथंच घोळ आहे. हातानं भरताना प्रत्येक काडतूस वेगळं भरलं जातं, पहिलं बरोबर म्हणजे तिसरं बरोबर असं होत नाही, बोलता बोलता एकात दारू दोनदा पडली तर बाहेरून काय दिसणार? इकडं अमेरिकेत घरी भरणं हा रीतसर छंद आहे, प्रेस, तराजू सगळं मिळतं, आणि शिस्तीतला माणूस खोक्यावर चिठ्ठी लावतो, कुठली दारू, किती ग्रेन वजनाची, कुठलं प्रायमर म्हणजे टोपी, कधी भरलं. तरीपण दुसऱ्यानं भरलेलं उडवायचं नाही असं इकडचे जुने लोक बजावून सांगतात, मग तो सख्खा मित्र का असेना.
तुमच्या पेटीत तर चिठ्ठीच नाही. आत काळी दारू आहे की बिनधुराची ते कळत नाही, बिनधुराची जास्त जोरकस असते, काळ्या दारूच्या मापानं ती भरली असेल तर नळीतला दाब कुठल्या कुठं जातो. उलट दारू कमी पडली तर बार फुसका निघतो, आतली चकती नळीत अडकून बसते, माणसाला वाटतं नेम चुकला, तो दुसरं काडतूस घालतो, नळी तिथं फाटते. आणि डावा हात नळीखालीच धरलेला असतो.

दुनळी
बरं उडवू नका, मग फोडा की. छर्रे काढायचे, दारू शेतात टाकायची, पितळ ठेवायचं. आपल्या गावचे एवढे मोठे नेमबाज पण भरतच असतील की स्वतःची.

मिसळ कट जादा
नाही ओ. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली ती ५० मीटर रायफलमध्ये, स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं ब्राँझ पण ५० मीटरचंच, आणि ती असते पॉइंट २२ ची गोळी. तिचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, घोडा पडला की कड चेपते, म्हणून ती परत भरत नाहीत. कारखान्याची सीलबंद आणतात. उगं त्यांची नावं पुढं करू नका.
आणि फोडायचं म्हणताय ते टोपी जिवंत असताना. जुन्या बिनधुराच्या दारूला आंबूस वास किंवा तांबूस भुकटी आली असली तर ती खराब झालेली असते, तिला घरात चिवडत बसणं मला तरी पटत नाही.

कळंब्याची पोर
आमचे हे म्हणतात, रात्री पंचगंगेत सोडून मोकळं व्हा 😄

मिसळ कट जादा
आणि उन्हाळ्यात पाणी आटल्यावर पोरांना सापडली की? मेण लावलेलं आहे, पाण्यानं निकामी झालीच असं धरता येत नाही. चुलीत तर अजिबात नको, नळीबाहेर फुटलं तरी पितळेचे तुकडे डोळ्यात जातात.

दुनळी
सगळं मान्य, पण ठाण्यात गेलास की पहिला प्रश्न, भरली कुणी? दुसरा, परवान्यावर किती काडतुसं होती? दोन्ही माणसं वर गेली, तू इथं हेलपाटे मारत बसणार. भल्या माणसाची हौस होती ती, आता त्याच्या नावाला बट्टा कशाला? गप मामाला दिली असती तर कुणाला कळलं पण नसतं.

शाहूपुरीचा वकील
प्रश्न विचारतील, विचारायलाच पाहिजेत. पण आज पेटी भुदरगडकरांच्या ताब्यात आहे आणि त्यांच्याकडं परवाना नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ३, परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हाही गुन्हाच. कलम २१ म्हणतं, ताबा कायदेशीर राहिला नसेल तर विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा. मामांना गपचूप देणं म्हणजे एकाचे दोन अडकणार. हौस भली होती की नाही हा मुद्दाच नाही, जितके दिवस पेटी घरात ठेवाल तितकं उत्तर अवघड होत जाईल.
एक मात्र करा, पिशवीत घालून एसटीनं निघू नका. आधी फोन, मग लेखी अर्ज, चुलत्यांच्या परवान्याची झेरॉक्स आणि मृत्यूचा दाखला जोडून. कसं आणायचं ते त्यांनाच ठरवू दे.

भुदरगडकर
अर्ज लिहायला घेतलाय. पेटीला कुलूप घातलंय, किल्ली माझ्याकडं. मामा फुगलेत, त्यांचं म्हणणं माझ्यावर विश्वास नाही. विश्वास मामांवर आहे ओ, त्या काडतुसांवर नाही.

दुनळी
माझं मत तेच हाय, ठाण्याची पायरी नको. पण जाणारच असशील तर पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नकोस, आणि पोचेवर नग मोजून लिहून घे.