पाटीवरचा सहा आकडी नंबर

म्हापसेकर: म्हापशाच्या बाजारात एका जुन्या पाटीवर अजून सहा आकडी फोन आहे. आज लावायचा तर पुढे, म्हणजे सुरुवातीला, 2, झाले सात. मोबाइलवरून आधी गोव्याचा एसटीडी (बाहेरगावचा) कोड 0832 हवाच, शेजारच्या घरी लावला तरी. परदेशातून 0 गाळून +91 832. कोडचे 3 नि नंबरचे 7 मिळून दहा, हे देशभराचं गणित. मुंबईचे 22 अधिक आठ, सावंतवाडीचे 2363 अधिक सहा. जुने नंबर लावताना कुठे अडतं ते लिहा.

मडगांवची: मडगांव-वास्कोच्या जुन्या लेटरहेडवर 0834 असतं. तो कोड गेला, आता सगळ्या गोव्याला 0832. 0834 तसाच ठेवून नुसता 2 लावलात तर वाट बघत बसाल.

पेडणेकर: पाच आकडी सापडला तर अंदाजाने आकडे जोडू नका रे, भलत्याच घरी वाजतो

डिचोलीकर: लँडलाइनवरून मोबाइलला 15 जानेवारी 2021 पासून आधी 0. तेव्हा "मोबाइल अकरा आकडी झाला" अशी हूल उठली होती, ती अजून फिरते. नंबर दहाच. मोबाइलवरून मोबाइलला 0 नको, सेव्ह करताना +91 ठेवा.
खरी डोकेदुखी ऑफिसच्या ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्सचेंजची. बाहेरची लाइन 0 वर असेल तर 0, टोन, परत 0, मग दहा आकडे. लोक एकच शून्य दाबून फोन बिघडला म्हणतात. एसटीडी बंद असलेल्या एक्स्टेन्शनवर तर मोबाइल लागतच नाही, कारण मशीनला शून्य म्हणजे एसटीडी. अलाउ टेबलात (लावायला मोकळ्या नंबरांच्या यादीत) 06, 07, 08, 09 घातलं की मोबाइल लागतो, पण 08 बरोबर 080 बंगळूरही सुटतं, 07 बरोबर 079 अहमदाबाद. 080 अडवावं तर 80 ने सुरू होणारे मोबाइल अडतात. आकडे मोजून वेगळं करावं तर दोन्ही अकराच! बिल फ्लॅट (महिन्याला ठरावीक) असेल तर एसटीडीचं लॉकच काढा, कटकट मिटली.

साखळीकर: डिचोलीकरांशी सहमत. लिफ्टमधला आणि चोर-अलार्मचा ऑटो डायलर (आपोआप फोन लावणारं यंत्र) विसरू नका. त्यात मोबाइल 0 शिवाय भरलेला असेल तर ऐनवेळी गप्प बसतो. ईपीएबीएक्समधून जात असेल तर 0, पॉज, 0, नंबर. भरून झाल्यावर एकदा खरंच वाजवून बघा.

मडगांवची: आखातातले जुने नंबर कोणाकडे आहेत? कुवेतचे 2008 च्या ऑक्टोबरात सातचे आठ झाले, घरच्या फोनला पुढे 2, मोबाइलला कंपनीप्रमाणे 9 नाहीतर 6. कतारचं 2010 चं सगळ्यात सोपं, पहिलाच आकडा दोनदा. 4 चे 44, 5 चे 55.

पेडणेकर: तोतऱ्याने सांगितल्यासारखं 😄

फोंड्याची: पोर्तुगाल राहिलं की. 1999 पासून नऊ आकडी. लिस्बनचं 01 जाऊन 21, आणि गावातल्या गावातही नऊच्या नऊ दाबायचे.

पेडणेकर: म्हापसेकर, शुक्रवारी बाजारात असाल तर हरमलची मिरची कितीला ते विचारा

म्हापसेकर: पाटीवरच्या नंबराला फोन करून विचारा. पुढे 2 लावा.