जर-तरच्या वाक्यात पी खोटं असलं तरी वाक्य खरं कसं? कॉन्व्हर्स-इन्व्हर्सचा पण गोंधळ

बारावी_सांगली
बारावी सायन्सला आहे, विश्रामबागेत राहतो. मॅथ्सच्या लॉजिकमध्ये इम्प्लिकेशनवर, म्हणजे 'जर पी तर क्यू' अशा वाक्यावर अडकलोय. ट्रुथ टेबल, म्हणजे पी-क्यू खरे-खोटे असताना अख्खं वाक्य खरं की खोटं ते सांगणारा तक्ता, पाठ आहे, पण पी खोटं असलं की अख्खं वाक्य खरं का धरायचं? आणि कॉन्व्हर्स, इन्व्हर्स, कॉन्ट्रापॉझिटिव्ह यातलं मूळ वाक्याबरोबर कोण जातं आणि का? पाठांतर नको, पटेल असं सांगा कुणीतरी प्लीज.

कृष्णाकाठ
आयर्विन पुलाजवळची कृष्णेच्या पाण्याची पातळी घे, पावसाळ्यात सगळी सांगली तेच आकडे बघत असते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. वाक्य असं, पाणी ४५ च्या वर असेल तर ते ४० च्या वर असतंच. हे उन्हाळ्यात पण खरं आहे, बरोबर? आता पातळी बदलत बघ. ४७ ला दोन्ही भाग खरे, ४२ ला पहिला खोटा दुसरा खरा, १५ ला दोन्ही खोटे, आणि वाक्य एकदाही मोडलं नाही. मोडायला पाणी ४५ च्या वर आणि तरी ४० च्या खाली पाहिजे, म्हणजे पी खरं क्यू खोटं, टेबलात खोटं येतं ते फक्त त्याच ओळीत. पी खोटं असताना वाक्य सिद्ध झालं असं नाही, मोडलं नाही एवढंच, पण लॉजिकमध्ये खरं आणि खोटं सोडून तिसरा कप्पा नाही म्हणून ते खऱ्यात जातं.

कॉन्व्हर्स, ४० च्या वर असेल तर ४५ च्या वर, ४२ ला पडला. इन्व्हर्स, ४५ च्या वर नसेल तर ४० च्या वर नाही, तोही ४२ लाच पडला, कारण ते दोघं एकमेकांचे कॉन्ट्रापॉझिटिव्ह आहेत, पडले तर बरोबरच पडणार. मूळ वाक्याचा कॉन्ट्रापॉझिटिव्ह, ४० च्या वर नसेल तर ४५ च्या वर नाही, कुठलाही आकडा टाक, मोडत नाही. पुरात लोक इन्व्हर्स धरून बसतात याची मला खरंच काळजी वाटते, धोका पातळी आली तर घरात पाणी येतं म्हणजे नाही आली तर येत नाही असं समजतात, सखल भागात त्याच्या आधीच शिरलेलं असतं.

मिरजेची_मॅथ्सवाली
दादांनी मस्त सांगितलंय. फक्त कॉन्व्हर्स खोटाच असतो असं समजू नकोस हं. दहावीला पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास केलास तो कॉन्व्हर्सच, आणि खरा आहे, पण त्याची सिद्धता वेगळी द्यावी लागते. युक्लिडनं पण पहिल्या पुस्तकात प्रमेय ४७ वं आणि व्यत्यास ४८ वा असं वेगवेगळं ठेवलंय. कॉन्ट्रापॉझिटिव्हला मात्र वेगळी सिद्धता लागत नाही, म्हणून तर तो इतका कामाचा. वर्ग सम असेल तर संख्या सम, हे सरळ करायला गेलास तर अडकशील, कॉन्ट्रापॉझिटिव्हनं, म्हणजे संख्या विषम असेल तर वर्ग विषम असं घेतलंस तर विषम गुणिले विषम विषमच येतं, झालं काम. २ चं वर्गमूळ अपरिमेय दाखवताना हेच वापरतो आपण.

बारावी_सांगली
थँक्यू दादा, ताई. टेबल आता डोक्यात बसलं. मग इन्व्हर्स म्हणजे निगेशनच, म्हणजे मूळ वाक्य नाकारणंच ना?

कृष्णाकाठ
नाही रे, इथं लई जण चुकतात. इन्व्हर्स जर-तरच राहतो. निगेशन म्हणजे पाणी ४५ च्या वर आहे आणि तरी ४० च्या वर नाही, पी आणि नॉट क्यू, त्यात जर-तर उरतच नाही. पेपरात जर-तरच्या वाक्याचं निगेशन विचारलं की उत्तरात 'आणि' आलंय का ते बघायचं.