रोबो उचलला की रोबोला उचललं?

कोरांटी
मुलांसाठीच्या एका विज्ञानकथेचा अनुवाद करतेय. घर झाडणारा छोटा रोबो जिन्यावरून गडगडतो आणि घरातली मुलगी धावत जाऊन त्याला उचलते. मी लिहिलं, 'तिने रोबोला उचललं.' संपादकांनी ते 'तिने रोबो उचलला' केलं आणि समासात शेरा मारला: निर्जीव कर्माला 'ला' नको. पुढच्याच पानावर 'तिने धाकट्या भावाला उचललं' आहे, ते तसंच ठेवलंय. मुलीच्या लेखी दोघंही सारखेच, आणि सगळी कथा त्यावरच उभी आहे. तुम्ही काय लिहाल?

गोदाकाठ
संपादक बरोबर आहेत. पुस्तक वाचलं, दार लोटलं, भांडी घासली. यात 'ला' कुठे आहे? हल्ली 'या बटणाला दाबा', 'ह्या व्हिडिओला पहा' असलं जे कानावर पडतं, ते हिंदीतल्या 'को'चं भूत आहे. हिंदीत 'इस किताब को पढ़ो' चालतं. आपल्याकडे 'या पुस्तकाला वाच' म्हणणाऱ्याला अजूनही सगळे वळून बघतात, आणि बघायलाच हवं. रोबोपासून सवलत सुरू केली की मिक्सरला धुतलं, पंख्याला पुसलं इथपर्यंत जायला वेळ लागणार नाही.

तिसरा प्रहर
बटण आणि रोबो एका मापाने कसे मोजता? बटण जिन्यावरून पडत नाही. 1944 साली फ्रिट्झ हायडर आणि मेरियन सिमेल यांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली होती. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट, एवढंच. आकृत्या नुसत्या सरकत होत्या. पण पाहणाऱ्यांनी जवळजवळ एकमुखाने भांडणाची गोष्ट सांगितली: मोठा दांडगाई करतो, लहान चिडतो, वर्तुळ घाबरून पळतं. चेहरा नाही, हात-पाय नाहीत, तरी मनाने त्यांना सजीव ठरवून टाकलं. आपणहून हलणारी, अडथळा आला की वळणारी वस्तू दिसली की हे आपोआप होतं. मग वाक्यात 'ला' आला तर नवल काय? माझं मत 'रोबोला'.

गोदाकाठ
मनाला काय वाटतं हा मानसशास्त्राचा विषय. मी व्याकरणाबद्दल बोलतोय.

उंबरठा
दोन्ही इतके सुटे नाहीत हो. आणि 'सजीवाला ला, निर्जीवाला नाही' हा नियम मराठी तरी कुठे पाळते? डास मारले. साप मारला. 'डासांना मारलं' कोणी म्हणत नाही, डास चांगला जिवंत असला तरी. कुत्र्यापाशी आलो की गंमत सुरू होते: 'त्याने कुत्रा मारला' म्हणजे जिवानिशी गेला, 'कुत्र्याला मारलं' म्हणजे बहुधा दोन काठ्या बसल्या. आणि माणसांचं बघा. मुलगी पाहिली, सून आणली, वकील केला, गडी ठेवला. सगळी हाडामांसाची माणसं, पण 'ला' नाही.

कोरांटी
'मुलगी पाहिली' हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! 'मी काल त्या मुलीला पाहिलं' आणि 'आम्ही काल मुलगी पाहिली'. पहिलीत ती कोणीतरी आहे, दुसरीत ती बाजारातली वस्तू आहे. आमच्या घरात हे वाक्य किती सहज बोललं जायचं, आता आठवलं की अंगावर येतं.

गोदाकाठ
यात अपमान शोधू नका. 'तिच्यासाठी मुलगा पाहिला का?' हेही तितकंच चालतं. तिथे 'मुलगा' म्हणजे स्थळ. नेमकी व्यक्ती मनात नसली की 'ला' गळतो. ताडोब्याला जाऊन आलेले सांगतात, 'वाघ पाहिला.' तिथली माया वाघीण होती तेव्हा त्यांनाच विचारलं, माया दिसली का, की ते म्हणायचे, 'मायाला पाहिलं ना!' नाव आलं की 'ला' आला.

उंबरठा
म्हणजे रोबोला नाव दिलं तर 'ला' चालेल? तुम्हीच दार उघडलंत!

सातबारा
नावाचं अगदी खरं. आमच्याकडे वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी वडील म्हणत, 'बैल धुवा रे.' पण 'सर्ज्या' म्हटलं की 'सर्ज्याले धू'. जनावर तेच, नदी तीच. आणखी एक. दिवसभर औत हाकून आले की वडील म्हणायचे, 'दोघंही दमले.' 'दोन्ही' नाही, 'दोघं'. हे चूक का?

जुनी वही
रशियनमध्ये हा भेद कर्माच्या रूपातच बसवलेला आहे आणि तिथेही तर्क पांगळा पडतो. मेलेल्या माणसाला 'पकोयनिक' म्हणतात, तो व्याकरणात सजीव. 'त्रूप' म्हणजे प्रेत, ते निर्जीव. बाहुली सजीव. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे भाषेत दगड सजीव गटात, आणि फळांमध्ये रासबेरी सजीव पण स्ट्रॉबेरी निर्जीव. त्यामुळे व्याकरणातला जीव आणि छातीतला जीव यांची गाठ सैलच असते. मराठीतही बघा, 'प्रेत उचललं' म्हणतात, पण घरचं माणूस सांगताना 'आईला उचललं' असंच म्हणतं. श्वास दोन्हीकडे थांबलेलाच आहे.

तिसरा प्रहर
सैल आहे म्हणूनच ती गोष्टीत हलवता येते. 2006 मध्ये नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी लोकांना एका नाचणाऱ्या, गाणाऱ्या शेंगदाण्याची गोष्ट ऐकवली आणि मेंदूतले विद्युत्-संकेत मोजले. सुरुवातीला मेंदू अडखळला. पण गोष्ट मुरल्यावर 'शेंगदाणा प्रेमात पडला होता' हे वाक्य 'शेंगदाणा खारवलेला होता' यापेक्षा सहज पचलं. कोरांटी, पहिल्या पानावर 'रोबो उचलला' आणि कथा पुढे गेली की 'रोबोला उचललं', असं करता येईल.

गोदाकाठ
हा तोडगा मला पटतो, बटणांपर्यंत पोचला नाही तर. पण सातबारा, 'दोघं' माणसांपुरतंच. बैलांना 'दोन्ही'. शाळेत हेच शिकवलं.

सातबारा
शाळेतल्या गुरुजींचा बैल नव्हता. आमच्या अख्ख्या आळीत 'दोघं'च म्हणत.

उंबरठा
आमच्याकडे कोल्हापूरला दावणीच्या म्हशींनाही 'दोघी' म्हणतात, पण शेळ्यांना 'दोन्ही'. कोंबड्यांना तर कधीच 'तिघी' ऐकलं नाही. म्हशीवर घर चालतं म्हणून असेल का?

जुनी वही
शेळीवरही घरं चालतात. माझ्या मते आकाराचा संबंध असावा. हत्तींना काय म्हणाल, 'तिघे हत्ती'?

सातबारा
हत्ती कोणाच्या दावणीला असतो? 'तीन हत्ती'. आमच्या कुत्र्यांना मात्र घरात सगळे 'तिघं' म्हणतात, आणि ते तर शेळीहून लहान.