‘वसंताचे सतरा क्षण’ आणि सोसायटीचा ग्रुप

कुलकर्णी काका (बी-३०४): स्नेहा, ‘वसंताचे सतरा क्षण’ ही सोव्हिएत हेरमालिका बघतेयस ना, त्यातला प्राध्यापक प्लाइश्नर जातो तो भाग झाला का बघून?

स्नेहा (ए-१०२): झाला काका! अहो, एवढा शिकलेला प्राध्यापक आणि खिडकीतलं फूल दिसू नये?

कुलकर्णी काका: दिसलं नाही म्हणजे त्याने बघितलंच नाही. श्टिर्लिट्झने, म्हणजे नाझींच्या कचेरीत अधिकारी बनून राहिलेल्या सोव्हिएत हेराने, त्याला बजावलं होतं, खिडकीत फूल असेल तर हेरांचं ते घर शत्रूला कळलंय, वर चढायचं नाही. पण हा छळछावणी भोगून आलेला माणूस. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये मोकळी हवा मिळाल्यावर भान हरपतो. दिग्दर्शिका तात्याना लिओझ्नोवा बाईंनी तो रस्त्यावरचा फेरफटका मुद्दाम लांबवलाय. फूल आपल्याला दिसतं, त्याला नाही.

स्नेहा: आणि वरच्या घरात दबा धरून बसलेला शत्रूचा माणूस परवलीचं उत्तर अचूक देतो, तिथेच प्लाइश्नर फसतो.

कुलकर्णी काका: तेच तर. परवलीचा शब्द कोणाकडूनही काढून घेता येतो. म्हणून परवलीच्या आधी खूण तपासायची. दुसऱ्यांदा तिथे गेल्यावर त्याला फूल दिसतं, पण तोवर पाळत लागलेली. मग विषाची कुपी चावून खिडकीतून उडी.

स्नेहा: मला ती खूणच उलटी वाटते. ‘फूल दिसलं तर धोका’ म्हणजे पकडला जाणाऱ्याला फूल ठेवायला वेळ मिळायला हवा. नाही मिळाला तर खिडकी रिकामी आणि येणारा सरळ जाळ्यात. ‘फूल दिसलं तरच या’ असं ठेवलं असतं तर?

कुलकर्णी काका: मग रोज आठवणीने ठेवायचं आणि रात्री काढायचं. एक दिवस विसरलं की संपर्क विनाकारण तुटतो. शिवाय गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, आहे तसंच राहू दिलं तर तीही खूण निकामी. पण मुद्दा बिनतोड आहे तुझा.

पाटील (सचिव): सर्वांना विनंती, ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा. टँकर ६ वाजता येईल. टाक्या भरून घ्याव्यात.

कुलकर्णी काका: हो साहेब, आवरतो. स्नेहा, बोटांच्या ठशांचं काय वाटलं?

स्नेहा: सगळ्यात भारी तेच! सोव्हिएत हेरांच्या ट्रान्समीटरच्या सूटकेसवर ठसे सापडले, ते श्टिर्लिट्झचेच निघाले. गेस्टापोचा प्रमुख म्युलर त्याला तळघरात बसवून ठेवतो आणि हा काड्यापेटीतल्या काड्या मांडत बसतो. नुसतं बसून विचार करण्यात एवढा ताण!

कुलकर्णी काका: आणि उत्तर काय सापडतं बघ. बॉम्बहल्ल्यानंतर पोलिसांनी रस्ता अडवलेला असताना त्याने एका बाईला बाबागाडी उचलायला खरोखरच मदत केली होती, आणि तिथला पोलीस साक्षीदार आहे. म्हणजे मदत खरी, फक्त सूटकेसची जोड त्याची. म्युलर पोलिसाला विचारतो, तो हो म्हणतो. निव्वळ थाप असती तर दहा मिनिटांत उघडी पडली असती. खबऱ्या क्लाउसचं प्रकरण आठव, तेही त्याच जातीचं. आधी त्याच्याच हाताने ‘फार थकलोय’ अशी चिठ्ठी लिहून घेतली, मग तळ्याकाठी गोळी. हस्ताक्षर अस्सल असल्यावर शंका घेणार कोण?

स्नेहा: म्युलरची ती मान झटकायची सवय मात्र जबरदस्त आहे.

कुलकर्णी काका: ती गणवेशाची देणगी! म्युलरचं काम करणाऱ्या ब्रोनेव्होयला कॉलर घट्ट बसायची म्हणून तो मान हलवायचा. लिओझ्नोवा बाईंना ते आवडलं आणि त्यांनी तसंच ठेवलं. गणवेशावरून आठवलं, १९४५ मध्ये एस.एस.च्या, म्हणजे हिटलरच्या खास दलाच्या, कचेऱ्यांत काळा गणवेश जवळपास बाद झाला होता, करडा वापरात होता. पडद्यावर काळा उठून दिसतो, एवढंच त्याचं कारण असावं.

स्नेहा: मला इतिहासाचीच शंका आहे. श्टिर्लिट्झने एस.एस.चा सेनानी वोल्फ आणि अमेरिकी हेरखात्याचा डलेस यांची शरणागतीची गुप्त बोलणी उधळली असं मालिका सांगते. प्रत्यक्षात वोल्फ मार्च १९४५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डलेसला भेटला, स्टालिनने आरडाओरडा केला, पण बोलणी कायमची मोडली नाहीत. २९ एप्रिलला इटलीतल्या जर्मन फौजांच्या शरणागतीवर काझेर्टात सह्या झाल्या.

कुलकर्णी काका: अगदी बरोबर. म्हणून ती इतिहास म्हणून बघायचीच नाही. कार्यालयात बसलेल्या माणसांची गोष्ट म्हणून बघायची: फायली, शेरे, एकमेकांवर पाळत. प्रत्येक अधिकाऱ्याचा सेवा-अहवाल निवेदक वाचतो ना? सगळ्यांची वर्णनं जवळजवळ एकसारखी, ‘सहकाऱ्यांशी संबंध चांगले’. आपल्याकडच्या गोपनीय अहवालांसारखंच ते!

स्नेहा: 😂 आता सांगा, मला रंगीत प्रत मिळाली आहे. ती बघू की जुनी?

कुलकर्णी काका: जुनीच. रंगीत २००९ ची आहे आणि भागांची लांबीही कमी केलीय. मूळ १९७३ ची, १२ भाग, प्रत्येक साधारण सत्तर मिनिटांचा. त्यात युद्धाच्या वार्तापटांचे तुकडे पेरलेत. कृष्णधवलमध्ये जोड कळत नाही, रंगीतमध्ये लगेच कळतो. आणि कॅफे एलिफंटचा प्रसंग पुढे ढकलू नकोस. श्टिर्लिट्झ आणि त्याची बायको लांबून एकमेकांकडे बघतात, एक शब्द नाही, फक्त तारिवेर्दिएवचं संगीत.

स्नेहा: तो तर मी दोनदा बघितला. नवऱ्याला वाटलं आवाज बंद पडलाय, रिमोट शोधत होता.

पाटील (सचिव): टँकर आला. आणि मालिका कुठे दिसते ते मला खाजगीत सांगा.