सरवा सोडणं हेही दानच

पगारदार ख्रिस्ती माणसाला महिन्याचा दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, दानासाठी काढता येतो, पण कोरडवाहू शेतकऱ्याने काय द्यावं, हा प्रश्न रास्त आहे. कापूस विकला जाईपर्यंत आमच्याकडे हातात रोकड नसतेच. पण दान म्हणजे नोटच, हे मला मान्य नाही. बायबलमधल्या लेवीय 19:9-10 मध्ये शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात मागे राहिलेलं धान्य, वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं स्पष्ट सांगितलंय. बायबलमधल्या रूथ आणि नामी या विधवा सून-सासू याच सरव्यावर जगल्या. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक काका धुऱ्याकडची तुरीची दोन तासं, म्हणजे ओळी, सोंगतच नाहीत. गावातल्या एकट्या बाया येतात, पदराच्या ओट्यात शेंगा भरून नेतात. त्यात सगळ्या धर्मांच्या असतात. कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

अजून एक. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत शंभरहून जास्त वर्षांपासून स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवतात. ते तांदूळ गोळा करून विकतात आणि पैसा मंडळीच्या कामाला लावतात. आमच्या महिला मंडळाने तेच ज्वारीवर सुरू केलं. फक्त विकत नाही, ज्या घरी कमावता हात नाही तिथे पायली-दोन पायली पोचवतात. सुरू करणार असाल तर डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला टाका, पावसाळ्यात सोंडे फार लवकर लागतात.