दुहेरी ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर लिनक्स: स्वतंत्र कार्ड कायमचे बंद ठेवावे का?

कर्नलवाचक (मूळ धागा)

दोन ग्राफिक्स (प्रोसेसरमधले अंगभूत आणि एनव्हिडियासारख्या कंपनीचे स्वतंत्र कार्ड) असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले, की पहिल्या आठवड्यातच बॅटरी पुरत नसल्याची तक्रार सुरू होते आणि त्यावर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: एनव्हिडियाचे कार्ड बंदच करून टाका. एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीच्या कार्डांपासूनच्या, म्हणजे साधारण २०१९ पासूनच्या लॅपटॉपांसाठी हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सविस्तर मांडतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे.

अशा बहुतेक लॅपटॉपांत पडदा प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो. स्वतंत्र कार्ड जड चित्रे तयार करते आणि तयार झालेले चित्र अंगभूत ग्राफिक्सच्या हवाली करते. त्यामुळे जड काम नसेल तेव्हा कार्डाचा वीजपुरवठा पूर्ण तोडला, तरी पडद्यावर काहीच फरक पडत नाही. एनव्हिडियाने ही रचना ऑप्टिमस या नावाने २०१० मध्ये आणली, परंतु लिनक्ससाठी तिला कित्येक वर्षे आधार दिला नाही. २०११ मध्ये बंबलबी हा स्वयंसेवकांचा प्रकल्प सुरू झाला तो त्यामुळेच. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोतीने ऑप्टिमसबद्दलच प्रश्न विचारला होता आणि त्याला उत्तर देताना लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियावर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली होती. कार्ड बंदच करण्याचा सल्ला त्या काळातला आहे आणि त्या काळात तो योग्यच होता.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. २०१६ मध्ये ४.८ क्रमांकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कार्ड ज्याला जोडलेले असते त्या पीसीआय एक्स्प्रेसच्या पोर्टलाच झोपवण्याची सोय आली. २०१९ मध्ये एनव्हिडियाच्या ४३५ क्रमांकाच्या ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामने) हव्या त्या एकाच प्रोग्रामसाठी कार्ड वापरण्याची आणि काम संपल्यावर ते झोपवण्याची सोय दिली. ट्युरिंग कार्डासाठी ड्रायव्हरचा संबंधित पर्याय स्वतः चालू करावा लागतो (काही लिनक्स वितरणे तो परस्पर करून देतात), तर अँपिअर या त्यानंतरच्या पिढीपासून पुढच्या लॅपटॉपांत तो मुळातच चालू असतो. बायोसने (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीने) साथ दिली, तर कार्ड खरोखर शून्याच्या जवळ जाते. माझ्या यंत्राची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. पडदा अर्ध्या उजेडावर ठेवून नुसता मजकूर लिहीत असलो, तर कार्ड झोपलेले असताना खर्च ६ ते ७ वॅट होतो आणि तेच कार्ड काही न करता नुसते जागे असेल, तर १४ वॅट. म्हणजे एकीकडे सात ते आठ तास आणि दुसरीकडे साडेतीन.

मग लोकांचे कार्ड झोपत का नाही? माझ्या पाहण्यात त्याचे सर्वात मोठे कारण म्हणजे तपासणीची पद्धत. कार्ड झोपले आहे का हे पाहण्यासाठी लोक एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवतात आणि ती आज्ञाच कार्डाला जागे करते. झोपलेल्या माणसाला हलवून "झोपलास का" असे विचारण्यासारखे हे आहे. सिस-फाइलसिस्टिममध्ये (कर्नल उपकरणांची माहिती जिथे मांडतो तिथे) त्या उपकरणाच्या नावाखाली रनटाइम स्टेटस नावाची फाइल असते, ती वाचावी. तिच्या वाचनाने कार्ड जागे होत नाही. दुसरे कारण असे, की कार्डाबरोबर एचडीएमआयच्या आवाजासाठी एक वेगळे ध्वनी-उपकरणही असते. ते जागे राहिले, तर कार्डही जागे राहते.

कार्ड मुळातून बंद ठेवण्याचा तोटाही लक्षात घ्यावा. अनेक लॅपटॉपांत एचडीएमआयचे पोर्ट थेट स्वतंत्र कार्डाला जोडलेले असते. कार्ड बंद केले, की प्रोजेक्टर चालत नाही, आणि हे नेमके सादरीकरणाच्या दिवशी कळते.

जुनेयंत्र

आपले विवेचन नव्या यंत्रांपुरते खरे आहे, परंतु धाग्याच्या शीर्षकात ती मर्यादा दिसत नाही. हे वाचून जुन्या यंत्रांचे मालक कार्ड पुन्हा चालू करतील, अशी मला काळजी वाटते.

माझा लॅपटॉप २०१७ चा आहे आणि त्यात पास्कल पिढीचे कार्ड आहे. ट्युरिंगच्या आधीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरमध्ये ही झोपेची सोय नाही, आणि ५८० ही पास्कलला आधार देणारी शेवटची ड्रायव्हर-शाखा असल्यामुळे ती यापुढे येण्याची शक्यताही नाही. ऑन-डिमांड (गरज पडेल तेव्हाच कार्ड वापरणारी) नावाची अवस्था माझ्याकडे निवडता येते, पण तिच्यात कार्ड काम करत नसले तरी जागेच राहते. मी विदर्भातल्या तालुक्याच्या गावी राहून भाषांतराचे काम करतो. उन्हाळ्यात वीज गेली की ती केव्हा येईल याचा नेम नसतो आणि मजकूर मात्र ठरलेल्या वेळी पाठवावाच लागतो. माझ्यासाठी चार-पाच वॅटचा फरक म्हणजे काम पूर्ण होणे आणि न होणे यांतला फरक आहे. मी कार्ड पूर्ण बंद ठेवतो, आणि माझे एचडीएमआय अंगभूत ग्राफिक्सला जोडलेले असल्यामुळे त्यात माझे काही बिघडत नाही.

आणखी एक मुद्दा आहे, आणि तो नव्या यंत्रांनाही लागू पडतो. झोपलेले कार्ड कोणताही प्रोग्राम जागे करू शकतो. ब्राउझरच्या किंवा डेस्कटॉपच्या एखाद्या नव्या आवृत्तीने ते काल जागे केले असेल, तर ते मला आज बॅटरी संपल्यावर समजणार. मुळातून बंद असलेले कार्ड जागे होत नाही, आणि ही खात्री मला सोयीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

कर्नलवाचक

पास्कलबद्दलचा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तशा यंत्रावर कार्ड बंद ठेवणे हाच योग्य मार्ग आहे.

मात्र "बंद" या शब्दाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिथेच सर्वाधिक लोक फसतात. ड्रायव्हर काळ्या यादीत टाकला, म्हणजे तो सुरूच होऊ दिला नाही, की कार्ड बंद झाले, असा समज आहे. तसे होत नाही. ड्रायव्हर नसलेल्या उपकरणाला कर्नल आपणहून झोपवत नाही, त्याला जागेच ठेवतो. त्या उपकरणाचा पॉवर कंट्रोल हा पर्याय "ऑटो" केला, तरच ते ज्याला जोडले आहे ते पोर्ट झोपते आणि पुरवठा तुटतो. नुसता ड्रायव्हर काढला, तर कार्डाचा वेग कमी ठेवणारेही कोणी उरत नाही आणि खर्च पूर्वीपेक्षा वाढू शकतो. शिवाय कर्नलची ही सोय साधारणपणे २०१५ किंवा त्यानंतरचा बायोस असलेल्या यंत्रांवरच आपोआप लागू होते. त्याआधीच्या यंत्रांसाठी बीबीस्विच हे कार्डाचा पुरवठा तोडणारे जुने मॉड्यूलच वापरावे लागते. आपण ऑटो केले आहे का, आणि ऑन-डिमांड, नुसता ड्रायव्हर काढून, आणि ड्रायव्हर काढून ऑटो, अशा तिन्ही अवस्थांतले आकडे मोजले आहेत का? असल्यास इथे द्यावेत.

खात्रीच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. नव्या यंत्रावर एखादा प्रोग्राम कार्ड जागे करत असेल, तर तो शोधून थांबवता येतो. तेवढ्यासाठी ज्या कार्डाला पैसे मोजले ते गमावू नये.

एकपडदा

मला दोन्ही बाजूंचा युक्तिवाद अपुरा वाटतो, कारण दोघेही घरात आलेल्या यंत्रापासून सुरुवात करतात. जो माणूस दिवसभर लिहितो, हिशेब ठेवतो आणि संध्याकाळी व्हिडिओ पाहतो, त्याने स्वतंत्र कार्डाचा लॅपटॉप घेणेच अयोग्य आहे. दुकानात "पुढेमागे उपयोगी पडेल" असे सांगून तो गळ्यात मारला जातो, आणि मग माणूस जास्त वजन आणि जास्त उष्णता सोसत, जे कार्ड वापरायचेच नाही ते झोपवण्याची विद्या शिकत बसतो. नात्यातल्या कोणासाठी लॅपटॉप निवडण्याची वेळ आली, तर मी अंगभूत ग्राफिक्सचाच सुचवतो.

दुसरे म्हणजे, कार्ड झोपल्यानंतरही बराच खर्च उरतो आणि त्याकडे या धाग्यात कोणी पाहिलेले नाही. खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपांचा पडदा सेकंदाला १४४ वेळा ताजा होत असतो. बॅटरीवर असताना तो ६० वर आणावा. व्हिडिओ प्रोसेसरकडून उलगडला जातो, की ग्राफिक्समधल्या त्यासाठीच्या भागाकडून, हे तपासावे. इंटेलच्या ग्राफिक्ससाठी फायरफॉक्सने लिनक्सवर ग्राफिक्सकडून व्हिडिओ उलगडण्याची सोय २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून मुळातच चालू केली. परंतु इंटेलच्या टायगर लेक या प्रोसेसर-पिढीच्या आधीच्या अंगभूत ग्राफिक्सला एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ उलगडता येत नाही, आणि तो भार मुकाट्याने प्रोसेसरवर पडतो. पंखा ओरडू लागतो आणि दोष मात्र निजलेल्या कार्डाला दिला जातो.

वसतिगृह_१२

एकपडदा, आपला सल्ला ज्यांना निवडीला वाव आहे त्यांच्यासाठी उत्तम आहे. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा प्रकल्प न्यूरल नेटवर्कवर आहे आणि त्याला कुडा ही एनव्हिडियाची गणनप्रणाली लागते, म्हणजे एनव्हिडियाचेच कार्ड लागते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली यंत्रे संध्याकाळी बंद होतात. वडिलांनी एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला, त्यात जे होते ते होते. दिवसा तासिकांना बॅटरी पुरली पाहिजे आणि रात्री खोलीवर चार्जर लावून प्रशिक्षण चालले पाहिजे, अशा माझ्या दोन्ही गरजा एकाच यंत्राकडून आहेत. कार्ड कायमचे बंद ठेवायचे, तर रोज दोनदा अवस्था बदलून यंत्र पुन्हा सुरू करावे लागेल. मी काही महिने ते केले आणि अखेरीस सोडून दिले. आता ऑन-डिमांड अवस्थेत दोन्ही कामे होतात.

परंतु कर्नलवाचक यांनी "शोधून थांबवता येतो" असे जे सहज लिहिले आहे, ते तितके सहज नसते, हेही नोंदवावेसे वाटते. माझे कार्ड महिनाभर झोपत नव्हते. मी ड्रायव्हर तीनदा काढून बसवला, वितरण बदलले, बायोस अद्ययावत केला. शेवटी कारण सापडले ते डेस्कटॉपच्या पट्टीवरच्या तापमान दाखवणाऱ्या एका छोट्या चौकटीत. ती दर दोन सेकंदांनी कार्डाला त्याचे तापमान विचारत होती. ती चौकट काढली आणि पाच मिनिटांत खर्च निम्म्यावर आला. ती मीच हौसेने बसवली होती, पण तिचा आणि बॅटरीचा संबंध असेल हे मला कोणी सांगितले नव्हते.

मुक्तस्रोत

या चर्चेतली एक गोष्ट मला खटकते. एनव्हिडियाच्या बंद (स्रोत न दाखवणाऱ्या) ड्रायव्हरची वागणूक हा जणू निसर्गनियम आहे असे धरून आपण सारे बोलत आहोत. एएमडी या स्पर्धक कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतो आणि त्यांच्या दुहेरी ग्राफिक्सच्या यंत्रांवर स्वतंत्र कार्ड काम नसताना झोपवणे हे त्याचे मुळातले वर्तन आहे. वापरणाऱ्याला कोणताही पर्याय शोधावा लागत नाही. एनव्हिडियाच्या बाबतीत नुव्हो हा मुक्त ड्रायव्हर स्वयंसेवकांनी लिहिला, पण मॅक्सवेल या कार्डांच्या दुसऱ्या पिढीपासून कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामशिवाय) कार्डाचा वेग बदलणे अशक्य झाले आणि कार्डे सुरू होतानाच्याच कमी वेगावर अडकून राहिली. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलांचा स्रोत खुला केला, आणि जानेवारी २०२४ च्या ६.७ क्रमांकाच्या कर्नलपासून ट्युरिंग व पुढच्या कार्डांसाठी नुव्होला ते फर्मवेअर वापरता येऊ लागले. पास्कलवाल्यांना यातले काहीच मिळाले नाही.

म्हणून कार्ड झोपवण्याचे काम कर्नल आणि ड्रायव्हरवर सोपवण्याचा कर्नलवाचक यांचा सल्ला मला अर्धाच पटतो. ज्याचा स्रोत वाचता येतो त्याच्यावर मी काम सोपवीन. जुनेयंत्र यांनी मागितलेली खात्री हा हट्ट नव्हे. ज्या ड्रायव्हरच्या आत डोकावता येत नाही, त्याच्याशी वागण्याची ती रास्त रीत आहे.

कर्नलवाचक

मुक्तस्रोत, इतिहास आपण अचूक मांडला आहे आणि नवे यंत्र घेणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा, हेही मान्य. पण वसतिगृह_१२ यांच्यासारख्यांना आज संध्याकाळी जे करायचे आहे, त्याचे उत्तर त्यातून मिळत नाही. झोप लागली की नाही हे सांगणारी रनटाइम स्टेटसची फाइल तरी कर्नलची आहे, ड्रायव्हरची नाही. तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

मोजणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही वीजबचतीची दोन साधने एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोन्ही त्याच सेटिंग्ज आपापल्या परीने बदलतात आणि मग कोणत्याच आकड्याला अर्थ उरत नाही. चार्जर काढून, पडद्याचा उजेड ठरवून, दहा मिनिटे थांबून मग पॉवरटॉप या मोजमापाच्या साधनाने दाखवलेला बॅटरीचा खर्च नोंदवावा.

जुनेयंत्र

आपण सांगितलेल्या पद्धतीने तीन संध्याकाळी मोजले. यंत्र तेच, उजेड तोच, वाय-फाय चालू आणि फक्त मजकुराचा संपादक उघडा. ऑन-डिमांड अवस्थेत ११.८ वॅट. ड्रायव्हर काळ्या यादीत टाकून आणि पॉवर कंट्रोल "ऑन" ठेवून १३.४ वॅट. ड्रायव्हर नाही आणि कंट्रोल "ऑटो", म्हणजे मी रोज वापरतो ती अवस्था, ६.९ वॅट.

मधल्या आकड्याबाबत आपले म्हणणे खरे ठरले. तालुक्यातल्या माझ्या एका स्नेह्याने मागच्या वर्षी माझ्याच सांगण्यावरून ड्रायव्हर काळ्या यादीत टाकला होता. ऑटोचे मी त्याला सांगितलेच नव्हते. उद्या त्याच्याकडे जाऊन ते करून देतो. माझे स्वतःचे कार्ड मात्र बंदच राहील.